घर ते पुणे, पाच वाटा

विशूदादाने माझी डावी करंगळी मोडली तेव्हा क्रशर चालू होता. दगड भरडायच्या त्या आवाजात मी किती जोरात ओरडले, ते माझं मलाही धड ऐकू आलं नाही. खडीची धूळ उघड्या तोंडात गेली, ठसका लागला, आणि ठसक्याबरोबर हात हलला तसं पुन्हा ओरडले.

"उजव्याला हात लावत नाही बघ," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला. "उजवा कामाचाय. डाव्याची पाच बोटं आहेत, म्हणजे तुला पाच वेळा विचार करता येईल. त्यातलं एक गेलं. चल, मशीन लाव."

विशूदादा म्हणजे माझा सख्खा मामेभाऊ. बाबा गेले तेव्हा मी बालवाडीत होते. आईने मला कडेवर घेतलं आणि माहेर गाठलं. मामाच्या घरी मी वाढले, त्याच्या घरचं खाल्लं, आणि दर श्रावणात याच माणसाच्या मनगटावर राखी बांधली. गेल्या वर्षी मामा गेला. तेव्हापासून क्रशर, डंपर, घर आणि घरातल्या बायका असं सगळंच विशूदादाच्या ताब्यात आलं. सकाळी त्याने मला पुण्याला फोन केला की आई चक्कर येऊन पडलीय, ये, आणि कामाचा लॅपटॉप घेऊन ये म्हणजे चार दिवस राहता येईल. लॅपटॉपचं तेव्हाच खटकायला हवं होतं. पण आई म्हटलं की माझी अक्कल पेंड खाते.

आई ठणठणीत होती. दादाला हवी होती मी, आणि माझ्यापेक्षाही जास्त कानोसा.

कानोसा म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या लहानपणी कुलपं चेहऱ्यावर आणि अंगठ्यावर उघडायची. ही सोय चोरांनाही कळली. सुरुवातीला लोकांचे चेहरे चोरीला जात, रबराचे मुखवटे आणि बनावट चित्रफिती करून. पुढे कुलपं हुशार झाली, जिवंत अंगठाच मागू लागली, तर माणसाला दारापर्यंत फरफटत न्यायचे आणि काम झाल्यावर अंगठा तोडून टाकायचे, पोलिसात तक्रारीवर अंगठा उठवता येऊ नये म्हणून. एका दिवाळीत आमच्या पेठेतल्या तीन माणसांच्या हाताला अंगठ्याच्या जागी मी बँडेज पाहिलं. मग बँका, कचेऱ्या, बंगले सगळे मुकाट्याने जुन्या पद्धतीवर आले. दारावर पोलादी कीबोर्ड, त्यावर नुसती अक्षरं, आणि मालकाच्या डोक्यात एक शब्द. डोकं कापून शब्द काढता येत नाही, एवढाच त्यामागचा विचार.

आणि तेवढ्यात पुण्यात मी काम करते त्या प्रयोगशाळेने कानोसा काढला. तत्त्व साधं आहे. कीबोर्डची सगळी बटणं एकाच पत्र्यावर बसवलेली असतात. पत्र्याच्या मधोमध बोट आपटलं तर एक आवाज, कडेला आपटलं तर दुसरा. दूध तापलं की नाही हे आई पातेल्यावर टिचकी मारून ओळखते, तसंच काहीसं. भिंतीला चिकटवलेली, नखाएवढी चकती हे आवाज टिपते आणि कोणता ठोका पत्र्यावर कुठे पडला ते कानोसा सांगतो. गुन्हेगाराने धमकीचं पत्र टाइप केलं, तर ते पोलिसांना भिंतीपलीकडून वाचता यावं म्हणून आम्ही तो केला होता.

पण त्याला एक मर्यादा आहे. शेजारशेजारच्या बटणांचे आवाज इतके सारखे असतात की त्यात तो चुकतो. तो म्हणतो, दाबलं ते हे बटण, किंवा याचा एखादा शेजारी. पानभर मजकूर असेल तर बिघडत नाही, अर्थावरून शब्द जुळतो. पण कुलपाच्या शब्दाला अर्थ असेलच असं नाही. तिथे नुसती मोजणी उरते, आणि ती मोजणी माणसाला रडवते.

कुलूप कुठलं, ते मी पहिल्या मिनिटाला ओळखलं होतं. त्या दारामागे शरू होती.

शर्वरी, विशूदादाची सख्खी धाकटी बहीण. माझ्याच वयाची, एका ताटात जेवून वाढलेली. तिने हर्षलशी लग्न केलं. हर्षलची जात दादाला चालत नव्हती. लग्नाच्या आठवड्यातच हर्षलच्या भावाला कुणीतरी डंपरखाली घातलं, आणि ते कुणीतरी कोण हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पुरावा मात्र मिळाला नाही. कोर्टाने त्या दोघांना पुण्याच्या कडेला एका निवाऱ्यात ठेवलं. पोलादी दार, प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप, आणि शब्द राहणाऱ्याने स्वतः ठरवायचा. तीन वेळा शब्द चुकला की सगळे अडसर बसतात आणि पोलिसांकडे भोंगा वाजतो. दादाच्या माणसाने रंगारी म्हणून आत जाऊन शरूच्या दाराच्या चौकटीला चकती चिकटवली होती. तसली चकती बाजारात मिळते, तिने टिपलेले ठोके वाचायला मात्र कानोसा लागतो.

टेबलावर लॅपटॉपशेजारी नवा कोयता ठेवलेला होता. मुठीवरचा प्लास्टिकचा कागदही काढलेला नव्हता. तो कशासाठी हे विचारायची गरज नव्हती.

"दादा, बहीण आहे ती तुझी," मी म्हणाले.

"म्हणूनच मी जातोय. दुसऱ्याची असती तर माणसं पाठवली असती."

मी कानोसा लावला. तो माझ्या उजव्या हाताच्या टाइप करायच्या चालीवर मला ओळखतो, दुसऱ्या कुणाला दाद देत नाही. पडद्यावर सहा ठोके उमटले आणि प्रत्येकाखाली एक अक्षर आलं. जी, एच, जे, के, ओ, पी.

"आला की शब्द!" दादा टेबलावर हात आपटून म्हणाला.

"नाही आला. हा नुसता अंदाज आहे. जीला सहा शेजारी, म्हणजे ते स्वतः धरून सात शक्यता. एचच्या सात, जेच्या सात. के जरा कडेला, त्याच्या सहा. ओच्या पाच. पी कोपऱ्यात, त्याला दोनच शेजारी, म्हणजे तीन. सगळ्यांचा गुणाकार कर. तीस हजार आठशे सत्तर शब्द होतात, आणि तुझ्या हातात तीन संधी आहेत. नाद सोड."

मला वाटलं होतं आकडा ऐकून तो खचेल. त्याने शांतपणे माझी अनामिका धरली.

दुसऱ्या वेळी दुखतं ते पहिल्यापेक्षा जास्त, कारण काय होणार ते बोटाला माहीत असतं. मी खुर्चीवरून खाली पडले. डोळे उघडले तेव्हा केबिनच्या दारात आई उभी होती. हातात डबा. दादानेच बोलावलं होतं तिला. आईने माझा हात पाहिला. बोटं कुठल्या कुठे वळलेली.

"विशू, काय रे हे?"

"आत्या, तुझ्या लेकीला सांग. घरचं काम आहे. ती दोन मिनिटांत करू शकती, पण अंगात मस्ती आहे."

आईने डबा खाली ठेवला. माझ्याजवळ बसली, पदराने माझं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली, "ईशे, सांगून टाक गं बाई. त्यांच्या घरात राहतो आपण. शरूचं काय ते तिचं नशीब. तुझा हात गेला तर तुला कोण बघंल?"

त्या क्षणी मला दादापेक्षा आईचा राग आला. बोटांचं दुखणं विसरायला लावेल इतका. मी तिचा हात झटकला, आणि ती जे रडायला लागली ते थांबेचना.

दादाचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तो पडद्याकडे टक लावून बसला होता. मग त्याच्या ओठाचा कोपरा वर गेला.

"जीपासून पी," तो म्हणाला. "अगं, हा तर आपला घर-पुण्याचा खेळ!"

तोही आमच्यातच वाढला होता, हे मी कशी विसरले कुणास ठाऊक.

मामा पूर्वी गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. क्लास बुडाला आणि सामान घरी आलं. त्यातल्या एका कीबोर्डवर आम्ही तिघं तासन्‌तास खेळायचो. जी म्हणजे घर, पी म्हणजे पुणे. बोट घरावर ठेवायचं आणि सहा बटणांत पुणं गाठायचं. अट एकच, एका बटणावरून त्याला चिकटलेल्या शेजाऱ्यावरच जायचं, उडी मारायची नाही. किती वाटा होतात ते मोजायचं. हिशेब सोपा आहे. जी मधल्या ओळीत, पी वरच्या ओळीच्या टोकाला. म्हणजे उजवीकडे चालताना कुठेतरी एकदाच माळ्यावर चढायचं. जीपाशी चढा, एचपाशी, जेपाशी, केपाशी किंवा शेवटी एलपाशी. पाच जिने, पाच वाटा. हे पहिल्यांदा दादानेच शोधलं होतं. डोकं होतं त्याला.

त्याच खेळात एकदा शरू जिंकली. तिने त्याच्याआधी पाच वाटा म्हणून दाखवल्या. दादाने कीबोर्ड उचलला आणि तिच्या कपाळावर घातला. बटणं उडाली, रक्त भिंतीवर गेलं. डॉक्टरांनी टाके घातले. मामाने शरूला विचारलं, "तू कशाला त्याला चिडवलंस?" आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याहून दादासाठी कोरा कीबोर्ड आणला. मोडका आम्हा पोरींकडे आला. उडालेली बटणं आम्ही गोळा करून बसवली. एक सापडलंच नाही. पुढचा दात पडलेल्या म्हातारीसारखा दिसायचा तो, म्हणून आम्ही त्याचं नाव बोळकी ठेवलं. दादा त्यानंतर आमच्यात खेळायला आला नाही. लांबूनच म्हणायचा, "पाच वाटा. मला मोजायची गरज नाही."

आताही तो बोटांवर तेच मोजत होता, त्याच्या धड असलेल्या दहा बोटांवर.

"पाच वाटा. मशीननं सांगितलेली एक. तिच्या दोन्ही बाजूंच्या दोन, जेवरून चढायची आणि एलवरून चढायची. पाचातल्या तीन. निम्म्याहून जास्त झाले की गं, ईशे. तू मला तीस हजार सांगत होतीस."

"दादा, नको." मी त्याचे पाय धरले. "पाया पडते. तिला दिवस गेलेत."

रडायचं नाटक करावं लागलं नाही, ते खरंच येत होतं. पण माझ्या रडण्यावरून त्याची खात्री पटली, आणि ती पटावी असंच मला वाटत होतं. कारण त्याने एक गोष्ट पाहिली नव्हती.

कानोसा नुसते ठोके ऐकत नाही, दोन ठोक्यांमधला वेळही टिपतो. शेजारच्या बटणावर जायला बोटाला जेवढा वेळ लागतो, तेवढाच बाकी सगळीकडे होता. फक्त तिसऱ्या आणि चौथ्या ठोक्यात तो जवळजवळ दुप्पट होता. बोट तिथे काहीतरी ओलांडून गेलं होतं. वेळेचा तो रकाना मी खुर्चीवरून पडण्याआधीच उजव्या हाताने मिटवून टाकला होता.

बोळकीवर सापडलं नव्हतं ते बटण के होतं. आमच्या नियमात पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या शेजारणी होत्या. जेवरून थेट एलवर जाता यायचं. त्यात एक पाऊल वाचायचं आणि वाटाही वाढायच्या. शरू पाचाहून जास्त वाटा सांगायची, तेव्हा दादा लांबून हसायचा की हिला गणित येत नाही. तिची आवडती वाट ठरलेली होती. जी, एच, जे, मग फटीवरून एल, तिथून वर ओ, आणि पी. मशीनच्या अंदाजात आणि त्या वाटेत एका बटणाचा फरक होता. त्या कुलपावर के होतं, पण शरूच्या बोटाला ते कुठून माहीत असणार!

दादाने कोयता गोणपाटात गुंडाळला आणि दोन माणसं घेऊन गेला. जाताना टेबलावर व्हिडिओ कॉल लावून फोन उभा करून गेला, पडद्यावर मला सगळं दिसेल असा. "बघ तू पण," म्हणाला. राखणीला पोपट नावाचा गडी राहिला. पोपट क्रशरवर दगड फोडायचा, आणि आईच्या हातची भाकरी खायचा.

तासाभराने पडद्यावर निवाऱ्याचं फाटक दिसलं; तिकडचा फोन दादाच्या एका माणसाच्या हातात होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याशी दादा हसून काहीतरी बोलला आणि बोलता बोलता त्याच्या पोटात काहीतरी खुपसलं. माणूस खाली बसला तसा बसूनच राहिला. आईने तोंडात पदर कोंबला. दादाने त्या माणसाकडून फोन घेतला, बोळातून चालत शरूच्या दाराशी आला आणि फोन समोरच्या कोनाड्यात उभा केला. मी देवाचं नाव घेणारी नाही. त्या दिवशी घेतलं. माझा हिशेब चुकला असेल, शरू लहानपणचं सगळं विसरली असेल आणि सरळ वाटेने गेली असेल, तर ते दार माझ्यासमोर उघडणार होतं.

पहिला शब्द. लाल दिवा.

दादाने कॅमेऱ्याकडे पाहून मान हलवली. दुसरा शब्द त्याने सावकाश, एकेक बटण दाबत टाकला. लाल दिवा.

आतून शरूचा आवाज आला. "कोण आहे?"

दादाचा चेहरा बदलला. बहिणीचा आवाज ऐकून एखाद्याचा जीव गलबलतो. त्याने दात खाल्ले. "पोपट!" तो फोनमध्ये ओरडला. "ती खोटं बोलतीय. उजवा हात ठेव तिचा. घण घाल, मग बोलंल."

पोपटने मला मानेला धरून टेबलावर पालथं घातलं आणि माझा उजवा हात ओढून सपाट केला. घण उचलला. मी डोळे मिटले नाहीत. मला ते बघायचं होतं, का कोण जाणे.

माझ्या हातावर आईचे दोन्ही हात पडले.

"आत्याबाई, हात काढा की," पोपट म्हणाला.

"नाही काढायची."

"मालक बघतायत. काढा म्हणतो ना!"

"घाल तू," आई म्हणाली. "तुला भाकऱ्या थापून घातल्यात याच हातांनी. घाल."

पोपट रडत होता, हे मी शपथेवर सांगेन. आणि रडत रडत त्याने घण घातला. आईची हाडं मोडल्याचा आवाज क्रशरच्या आवाजातही मला ऐकू आला. ती ओरडली नाही. तिने हात काढलाही नाही. पोपटने घण टाकला आणि तो दगडांच्या ढिगाकडे पळत सुटला.

"आई, सोड, आई!" मी म्हणत होते.

"सांगू नको गं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "मघाशी मी म्हणाले ते ऐकू नको. सांगू नको त्याला."

पडद्यावर दादा तिसरा शब्द टाकत होता. एलवरून चढायची वाट. जी, एच, जे, के, एल, पी. शेवटचं बटण दाबून त्याने कोयत्याचा गोणपाट सोडला, इतकी त्याची खात्री होती.

दिवा लाल झाला आणि भोंगा वाजला. शरूच्या दाराचे अडसर खाडकन बसले. त्यामागोमाग बोळाच्या दुसऱ्या टोकाचं फाटकही बसलं, दादाच्या पाठीमागे. त्याची दोन माणसं फाटकाबाहेर होती, ती पळाली. दादा त्या बोळात एकटा कोंडला गेला. तो कोयत्याने दार हाणू लागला. दाराला काही होईना म्हणून कीबोर्ड हाणू लागला. "पाचच वाटा होतात!" तो ओरडत होता. "पाचच!" पोलादी बटणं उडून त्याच्या तोंडावर लागत होती. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात गेलं, तरी तो थांबला नाही. पोलीस आले तेव्हाही तो हाणतच होता.

पहारेकरी वाचला नाही. त्याची बायको कोर्टात रोज पहिल्या बाकावर बसते, आणि तिच्याकडे बघायचं मला धाडस होत नाही.

शरू मला दवाखान्यात भेटायला आली ती पोट सांभाळत, दोन पोलिसांच्या मधून. पलीकडच्या खाटेवर आई झोपली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. शरू आधी तिच्यापाशी गेली. आईच्या कपाळावर ओठ टेकवून बराच वेळ तशीच उभी राहिली. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"दादाचा वकील विचारत होता," ती म्हणाली. "नियम बरोबर, टोकं बरोबर, तरी तिन्ही शब्द चुकले कसे? दादाला झोप येत नाही म्हणे."

"मग काय सांगितलंस?"

माझ्या चादरीवर तिने बोटाने तीन ओळी काढल्या, वरची, मधली, खालची. माझा उजवा हात हातात घेतला आणि माझी तर्जनी चादरीवर ठेवली. घर. मग एच. मग जे. तिथे तिने माझं बोट उचललं, मधली जागा ओलांडली आणि पलीकडे टेकवलं. मग वर, आणि मग पुणे.

मी तिच्या कपाळाकडे पाहिलं. टाक्यांची खूण अजून होती, केसांच्या रेषेपाशी, पांढरी.

"सांगितलं की," शरू म्हणाली, "सहावी वाट त्यानेच पाडून दिली होती. माझ्या डोक्यावर."